'किस्मत' चालू होता तेव्हा

१९४३ च्या आरंभी बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' प्रदर्शित झाला आणि कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तो तीन वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकून बसला. हा विक्रम पुढे 'शोले'ने मुंबईच्या मिनर्व्हात मोडला. 'किस्मत' ज्या वर्षी लागला त्याच वर्षी बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती. सरकारने नेमलेल्या वुडहेड आयोगाने १९४५ साली मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो २० ते ३० लाखांपर्यंत नेला. उन्हाळा सरता सरता खेड्यापाड्यांतून निघालेली कुटुंबे कलकत्त्याच्या फुटपाथवर येऊन पडली. भात मागूनही मिळत नाही हे कळल्यावर ती दारोदार फक्त भाताची पेज मागू लागली. रॉक्सी त्याच शहराच्या मध्यवस्तीत, चौरंगीच्या बाजूला. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की निष्कर्ष आपसूक निघतो : बाहेर प्रेते पडली होती आणि आत लोक अशोककुमारला पाहून टाळ्या पिटत होते. करमणुकीच्या सिनेमावर ठेवायला यापेक्षा मोठा आरोप कुठला? पण हा निष्कर्ष इतका आपसूक निघतो की त्याच्याविषयी थोडा संशय घेणे बरे. बंगालच्या दुष्काळाचा आणि सिनेमाचा पुढच्या चाळीसेक वर्षांतला संबंध नीट तपासला, तर सत्य सांगणारा सिनेमा आणि सत्यापासून पळणारा सिनेमा यांच्यातली रेघ आपण समजतो तिथे पडत नाही. ती विषयावरून पडत नाही. दोष कुणाच्या दारात नेऊन ठेवला, यावरून पडते.

आधी दुष्काळाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पाऊस दडी मारतो, जमिनीला भेगा पडतात, गुरे मरतात, हे आपल्या मराठवाड्याला किंवा नगर-सोलापूरला ठाऊक असलेले दुष्काळाचे चित्र बंगालला लागू पडत नाही. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला. जपानी सैन्य बंगालच्या किनाऱ्यावर उतरले तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी जिल्ह्यांतला तांदूळ उचलला, दहापेक्षा जास्त माणसे वाहणाऱ्या होड्या काढून घेतल्या किंवा मोडल्या. ज्या मुलुखात होडी हीच बैलगाडी, तिथे कोळी आणि नावाडी एका फटक्यात बेकार झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरला भयंकर चक्रीवादळ आले, पिकावर रोग पडला. पण अमर्त्य सेन यांनी पुढे आकडेवारीने दाखवून दिले की १९४३ मध्ये बंगालात धान्याची एकूण उपलब्धता जीवघेणी घटलेली नव्हती. भाव भडकले, मजुरी होती तिथेच राहिली आणि शेतमजूर, कोळी, नावाडी, गावचे कारागीर यांच्या हातून तांदूळ निसटला. तांदूळ बाजारात होता. तो विकत घेण्याची ऐपत नव्हती.

याचीच दुसरी बाजू कलकत्ता. युद्धाचे कारखाने, गोदी, रेल्वे, सरकारी कचेऱ्या चालू राहिल्या पाहिजेत म्हणून तिथल्या कामगार-कारकुनांना मालकांमार्फत स्वस्त धान्य मिळण्याची सोय करण्यात आली होती. शहर पोसण्यासाठी खेड्यांतून तांदूळ ओढला गेला, त्याने भाव आणखी चढले. मुंबईत मे १९४३ मध्येच रेशन सुरू झाले. कलकत्त्यात ते यायला १९४४ चा जानेवारी संपत आला. तरीही कलकत्त्याचा स्थायिक रहिवासी सहसा भुकेने मेला नाही. मेले ते बाहेरून आलेले, आणि त्यांनाही ऑक्टोबर १९४३ मध्ये खास अध्यादेश काढून पकडून शहराबाहेर नेण्यात येऊ लागले. म्हणजे रॉक्सीच्या खिडकीवर तिकीट काढणारा माणूस कोण होता हे उघड आहे. तो पगारदार होता, युद्धाच्या ठेक्यांत चार पैसे सुटलेला होता, रजेवर आलेला शिपाई होता. युद्धाने महागाई आणली तसाच पैसाही आणला, आणि त्या पैशाला खर्च व्हायला कापड नव्हते, साखर नव्हती, पेट्रोल नव्हते, सिनेमा होता. 'किस्मत'च्या प्रेक्षकाने स्वतःच्या भुकेपासून पळ काढला, हे म्हणूनच खरे नाही. त्याला भूक नव्हती. तो दुसऱ्याची भूक ओलांडून थिएटरात शिरत होता.

हा फरक किरकोळ वाटेल, पण करमणुकीच्या सिनेमाची जी सर्वांत चांगली वकिली आहे ती इथेच अडखळते. ती वकिली अशी : दुःखात असलेल्या माणसाला दोन घटका विसर पाडणे हेही मोठे काम आहे, त्याला त्याचेच दुःख पडद्यावर दाखवून काय मिळवायचे? अमेरिकन दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेस याने १९४१ च्या 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स'मध्ये हे फार हुशारीने मांडले आहे. त्यातला विनोदी चित्रपटांचा यशस्वी दिग्दर्शक गरिबीवर गंभीर चित्रपट काढायचा म्हणून भिकाऱ्याच्या वेषात हिंडतो, नशिबाच्या फेऱ्याने खरोखरच सक्तमजुरीच्या कैद्यांत जाऊन पडतो, आणि तिथे साखळदंडातले कैदी एक कार्टून पाहून पोट धरून हसताना त्याला दिसतात. त्याचे मत बदलते, तो पुन्हा विनोदाकडे वळतो. युक्तिवाद बिनतोड आहे, पण एका अटीवर : हसणारा माणूसच भोगणारा असला पाहिजे. रॉक्सीत ती अट पुरी होत नव्हती. विसराची गरज ज्यांना होती त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते, आणि ते असते तर त्यांनी त्याचा तांदूळ आणला असता. भोगणाऱ्याच्या विरंगुळ्याचे समर्थन पाहणाऱ्याच्या विरंगुळ्याला चिकटवायचे, ही या वादातली जुनी हातचलाखी आहे.

मग दोष 'किस्मत'चा का? तेही नाही. त्या वर्षी दुष्काळावर चित्रपट काढायचा कुणी ठरवले असते तरी काढता आला नसता. युद्धामुळे कच्च्या फिल्मचा तुटवडा होता, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधून टाकली होती, आणि १९४३ पासून फिल्म परवान्याशिवाय मिळेना. परवाना द्यायचा की नाही हे ठरवणारे सरकार युद्धप्रयत्नांना मदत करणाऱ्या कथा शोधत होते. सेन्सॉर मंडळे प्रांतोप्रांतीची, आणि त्यांत पोलिसांचा वरचष्मा. शिवाय भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक खेळाआधी सरकारमान्य माहितीपट आणि बातमीपट दाखवणे थिएटरांवर सक्तीचे झाले. म्हणजे 'किस्मत'ला आलेल्या माणसाने खऱ्या जगाविषयी काय पाहायचे, याचीही तजवीज होती. मुळात ज्या आपत्तीला सरकार दुष्काळ म्हणायलाच तयार नव्हते, तिच्यावर सिनेमा कुठून येणार? सरकारी दुष्काळ संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर करणे म्हणजे मदतकामे, धान्य, पैसा यांची जबाबदारी अंगावर घेणे. ती संहिता बंगालात लागूच केली गेली नाही. 'स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ च्या रविवारच्या अंकात फुटपाथवरच्या मरणासन्न माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे दिल्ली-लंडनला ती दिसली. चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूरमध्ये पायी हिंडले, भेटलेल्या माणसांची रेखाटने आणि हकिगती 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेत आणल्या. तिच्या जवळपास सगळ्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. कागदावरच्या काळ्या शाईची ही गत, तिथे सिनेमाची काय कथा.

आता 'किस्मत'च पाहू, कारण त्याला नुसता 'पलायनवादी' म्हणून बाजूला सारणारे बहुधा त्याची गोष्ट विसरलेले असतात. नायक शेखर खिसेकापू, तुरुंगातून नुकताच सुटलेला. नायिका राणी पायाने अधू. एके काळी थिएटरचा मालक असलेल्या तिच्या बापाने दारूच्या नशेत तिला इतके नाचवले की पाय कामातून गेला. बाप कर्जात बुडून परागंदा, थिएटर दुसऱ्याच्या घशात, देणी थकलेली, धाकटी बहीण लग्नाआधी गरोदर. ज्याच्या हाती आता पैसा आहे त्याचा मुलगा लहानपणीच घर सोडून गेलेला. कर्ज, मोडलेले घर, बेपत्ता मूल, बेअब्रू होऊ घातलेली मुलगी : १९४३ च्या बंगालात खेड्याखेड्यांतून हेच चालले होते, फक्त तिथे ते भाताच्या मुठीपायी होते. चित्रपट या सगळ्या जखमांवर बोट ठेवतो आणि मग दंडावरच्या गोंदणावरून हरवलेला मुलगा ओळखवतो. खिसेकापू हाच धनिकाचा मुलगा निघतो आणि एकेक गाठ सुटत जाते. थिएटर का बुडाले, कर्ज का वाढले, पैसा कुणाकडे गेला, याचे उत्तर शीर्षकातच देऊन ठेवले आहे. पळवाट असलीच तर ती इथे आहे. गाणी आणि नाच यांना उगीच बोल लावण्यात अर्थ नाही. उलट त्यातल्या परकीयांना चालते व्हा असे बजावणाऱ्या गाण्याने, जर्मन-जपान्यांचे नाव पुढे करून, सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकली आणि नेते तुरुंगात असलेल्या त्या वर्षी प्रेक्षकांना मोठ्याने बोलायची एक जागा करून दिली. कवी प्रदीपांची ती करामत पलायन खास नव्हती.

त्या काळी 'किस्मत'वर टीका झाली नाही असेही नाही. 'फिल्मइंडिया'चे फटकळ संपादक बाबुराव पटेल यांनी त्याला चांगलेच धारेवर धरले. पण आक्षेप होता तो चोराला नायक केल्याचा, गुन्हेगारीला झळाळी दिल्याचा. सुसंस्कृत समाजाला खुपला तो पडद्यावरचा खिसेकापू.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या संदर्भात एक नाव टाळता येत नाही. १९२५ साली कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या खोट्या कागदाने जमीन गमावून शहरातल्या गिरणीत मजुरीला लागणारा शेतकरी त्यात कोवळ्या वयाच्या शांतारामांनी उभा केला. भारतीय सिनेमात भुकेला कारण आणि कारणाला चेहरा देण्याचा इतका सरळ प्रयत्न त्याआधी झाला नव्हता. तेच शांताराम १९४२ मध्ये 'प्रभात' सोडून मुंबईला आले, राजकमल उभारले आणि दुष्काळाच्या वर्षी 'शकुंतला' काढला; तो मुंबईच्या स्वस्तिकमध्ये १०४ आठवडे चालला. कण्वाश्रम, हरणे, शाप, अंगठी. इथेही ओळखीच्या एका खुणेवर सगळे सुटते, हा योगायोग मला तरी निरर्थक वाटत नाही. शांतारामांना सामाजिक चित्रपटाची भीती होती असे कुणी म्हणणार नाही. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' ही त्यांचीच. पण 'शेजारी'पर्यंत ज्या धिटाईने प्रश्न विचारले जात होते, ती १९४३ च्या बाजारात आणि परवान्याच्या राजवटीत टिकणे अवघड होते. एका माणसाची हिंमत किती, यापेक्षा त्याला फिल्मचा डबा कुणाकडून मिळतो हे त्या वर्षी जास्त निर्णायक होते.

ज्यांना डबा मिळाला नाही त्यांनी रंगमंच वापरला. मे १९४३ मध्ये मुंबईत 'इप्टा'ची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. बंगालातून आलेली कलापथके गावोगाव, शहरोशहरी गाणी आणि छोटी नाटके करून दुष्काळग्रस्तांसाठी पैसा-धान्य गोळा करत हिंडली. १९४४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यात बिजन भट्टाचार्य यांचे 'नवान्न' उभे राहिले. नाटकाला परवान्याची फिल्म लागत नाही. चटईचा पडदा, गोणपाटाचे कपडे, दहा-वीस माणसे पुरतात. अत्याचार चालू असतानाच त्याबद्दल बोलणे आणि मदत गोळा करणे, ही गोष्ट त्या दुष्काळात नाटकाने केली, चित्राने केली, छायाचित्राने केली. सिनेमा तिथे पोचला तो सगळ्यांत शेवटी. ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'धरती के लाल' १९४६ मध्ये आला. 'नवान्न' आणि कृष्णचंदर यांची 'अन्नदाता' यांच्या आधाराने लिहिलेली कथा, शंभू मित्र, तृप्ती मित्र, बलराज साहनी यांच्या भूमिका, रविशंकर यांचे संगीत, आणि गर्दीच्या प्रसंगांत किसान सभेचे खरे शेतकरी. शेतकरी कुटुंब धान्य विकून बसते, भाव चढतात, तेच धान्य परत घेता येत नाही, जमीन जाते, कुटुंब कलकत्त्याच्या फुटपाथवर येते. दोष जमीनदाराचा, साठेबाजाचा, सावकाराचा. तिकीटबारीवर चित्रपट आपटला, सोव्हिएत देशात मात्र दाखवला गेला. शेवटी उरलेसुरले लोक गावी परततात आणि सामुदायिक शेतीचा संकल्प करतात. टीकाकारांना तो शेवट प्रचारी वाटतो, आणि तो आहेच. मी तर पुढे जाऊन म्हणेन की हाही एक सुखान्तच आहे, 'किस्मत'च्या गोंदणाइतकाच सोयीचा. पण एक फरक कबूल केला पाहिजे. भात कुठे गेला, हा प्रश्न 'धरती के लाल' नाव घेऊन विचारतो. तो फक्त उत्तर अशा माणसांवर ढकलतो की थिएटरातला कुणीही म्हणू शकेल, तो मी नव्हेच.

पुढच्या दोन चित्रपटांत ही पळवाट टप्प्याटप्प्याने बंद होत गेली, असे माझे म्हणणे आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी १९७३ मध्ये 'अशनि संकेत' केला. नायक गंगाचरण हा गावातला एकुलता एक ब्राह्मण. पूजा सांगतो, पाठशाळा चालवतो, थोडेफार वैदूपण करतो, आणि अडाणी गावकऱ्यांच्या भोळ्या आदरावर बऱ्यापैकी जगतो. तो दुष्ट नाही. त्याला साध्या माणसांचे घेणे म्हणजे आपला हक्कच वाटतो, इतकेच. भाव चढू लागतात तसा तो आदर आटतो, आणि गंगाचरणाला पहिल्यांदा कळते की आपण स्वतः काहीच पिकवत नाही. चित्रपटाच्या शेवटी मोती ही अस्पृश्य बाई उपाशी मरते. गावातला हा पहिला भूकबळी. तिच्या प्रेताला कुणी शिवणार नाही, तेव्हा तिचे दहन आपण करू असे गंगाचरण ठरवतो. इथे साठेबाज आहेत, लढाईची विमानेही डोक्यावरून जातात. पण कॅमेरा ज्याच्या चेहऱ्यावर ठरतो तो माणूस सुशिक्षित, सज्जन, मध्यमवर्गीय आहे. बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण अस्वल मिळाले, आणि देशात-परदेशात एक आक्षेपही आला : इतके हिरवे, इतके रंगीत, इतके देखणे दुष्काळचित्र? उपासमारीला असे सौंदर्य शोभते का?

हा आक्षेप वरवरचा नाही. अत्याचारावरच्या चित्रपटांतले सौंदर्य पुष्कळदा प्रेक्षकाला गुंगी आणते, दुःख गोड करून पाजते. पण या एका चित्रपटापुरता तो चुकीचा आहे. भेगाळलेली जमीन दाखवली असती तर राय यांनी खोटे सांगितले असते. निसर्ग कोपला म्हणून माणसे मेली असा समज झाला असता, आणि निसर्गाला कोर्टात खेचता येत नाही. शेते हिरवी आहेत, फुलपाखरे उडताहेत, आणि माणसे रानातले कंद उकरून खाताहेत. या विसंगतीतूनच प्रेक्षकाला कळते की हा दुष्काळ कुणीतरी केला आहे. सेन यांचा 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' हा ग्रंथ १९८१ चा. आठ वर्षे आधी राय यांच्या कॅमेऱ्याने त्याचे मुख्य प्रमेय रंगांत मांडून ठेवले होते.

मृणाल सेन यांचा 'अकालेर संधाने' १९८० चा. कलकत्त्याहून एक चित्रपटमंडळी १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट काढायला एका गावात येते. दिग्दर्शक झाला आहे धृतिमान चटर्जी, आणि नायिकेची भूमिका करणारी नटी म्हणून स्मिता पाटील चक्क स्मिता पाटील म्हणूनच वावरते. मंडळी मोडकळीला आलेल्या वाड्यात उतरतात, सगळ्या लवाजम्यासाठी बाजारातून भाजी, मासळी उचलतात, आणि गावात जिनसा मिळेनाशा होऊन महागतात. दुष्काळाचे चित्रण करायला आलेल्यांनी गावात छोटीशी टंचाई निर्माण केली. फावल्या वेळात ही मंडळी एक खेळ खेळतात : दुष्काळाची छायाचित्रे दाखवायची आणि साल ओळखायचे. चित्रे सारखीच, साले वेगळी. १९४३, १९५९, १९७१. मग भुकेपायी देह विकणाऱ्या बाईची भूमिका गावातल्याच मुलीकडून करून घ्यायची ठरते, आणि गाव बिथरते. ही चिडाचीड नुसत्या अब्रूची नाही, हे गावचा शिक्षक पाहुण्यांना समजावतो. त्या वर्षी कवडीमोलाने जमिनी ज्यांनी घेतल्या त्यांच्या घरचेच लोक आज गावात प्रतिष्ठित आहेत, आणि त्यांना ती आठवण नको आहे. चित्रीकरण गुंडाळून मंडळी कलकत्त्याला परततात. दोषाचा प्रवास आता पुरा झाला आहे. १९४६ मध्ये तो साठेबाजाकडे होता, १९७३ मध्ये सज्जन शेजाऱ्याकडे आला, १९८० मध्ये सिनेमा काढणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या अंगणात पोचला.

इथे एक जबरदस्त आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाच पाहिजे. दोष इतका जवळ आणल्यावर खरा गुन्हेगार सुटत नाही का? होड्या मोडण्याचा हुकूम गावच्या ब्राह्मणाने काढला नव्हता. बंगालसाठी धान्याची जहाजे मागितली असता चर्चिल यांच्या युद्ध मंत्रिमंडळाने हात आखडता घेतला, तो मृणाल सेनांच्या चित्रपटमंडळींमुळे नव्हे. सरकारने तेव्हाही हेच केले : शेतकरी धान्य दडवतो, व्यापारी साठा करतो असे म्हणत १९४३ च्या जूनमध्ये घरोघर झडत्या घेतल्या, आणि फारसे काही सापडले नाही. मग आपले चित्रपट आपल्याच लोकांकडे बोट दाखवून साम्राज्याचीच री ओढत नाहीत काय? या आक्षेपात बरेच तथ्य आहे. तिन्ही चित्रपटांत लंडन कुठेच दिसत नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो नाही, चर्चिल नाही, जहाजांचा वाद नाही. ही उणीव खरी आहे आणि ती अजून भरून निघालेली नाही. पण वुडहेड आयोगानेच लिहून ठेवले आहे की त्या वर्षी तांदळाच्या व्यापारात सुमारे १५० कोटी रुपयांचा अवाजवी नफा कमावला गेला. आयोगाच्याच आकड्यांनी हिशेब केला तर एका मृत्यूमागे हजार रुपये. हा नफा लंडनला गेला नाही. तो कलकत्त्यात, ढाक्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी राहिला, त्यातून घरे आणि जमिनी झाल्या. साखळीचे वरचे टोक परकीय होते म्हणून खालचे टोक नव्हतेच, असे होत नाही. आणि दूरच्या, मेलेल्या, पराभूत सत्तेवर चित्रपट काढायला आज धाडस लागत नाही.

हीच कसोटी आजच्या चित्रपटांना लावून पाहावी. अलीकडे 'सत्य घटनेवर आधारित' हे शब्द पडद्यावर आले की तो चित्रपट गंभीर, आणि न पाहणारा पळपुटा, अशी एक समजूत रुजते आहे. खऱ्या कत्तली, खरे स्फोट, खरे विस्थापन यांवरचे चित्रपट आता चांगला धंदाही करतात, 'धरती के लाल'सारखे आपटत नाहीत. का चालतात ते पाहिले तर पुष्कळदा असे दिसते की त्यांत दोषी म्हणजे प्रेक्षकाहून सर्वस्वी निराळी, ओळखू येईल अशा वेषातली मंडळी असतात. थिएटरातून बाहेर पडणारा माणूस संतापलेला असतो, पण अस्वस्थ नसतो; स्वतःविषयी तर मुळीच नाही. असा चित्रपट रक्ताचा सडा दाखवूनही 'किस्मत'च्या कुळातलाच ठरतो, आणि 'किस्मत'ने निदान कुणाविरुद्ध माथी भडकवली नव्हती. उलट नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) गाण्या-नाचाचा, प्रेमकथेचा सगळा रस्ता चालून प्रेक्षकाला अशा दारात नेले की मारेकरी नायिकेच्या घरचेच निघाले. त्या वाड्यावर आधी आपणही ऐटीत फिरलो होतो. करमणुकीचा सिनेमा दोष जवळ आणू शकत नाही, हे म्हणणे त्या एका चित्रपटाने तरी खोडून काढले आहे.

राहता राहिला संख्येचा मुद्दा. 'किस्मत' लाखोंनी पाहिला, 'अकालेर संधाने' मूठभरांनी. मग दोष जवळ आणून कुणाचे भले झाले, असे व्यवहारी माणूस विचारील. भले झाले असे मी म्हणत नाही. १९४३ च्या भुकेल्यांना या तिन्ही चित्रपटांचा कणभर उपयोग झाला नाही, आणि तसा दावा त्यांच्या कर्त्यांनीही करू नये. पुराव्याचे काम मात्र झाले. अमर्त्य सेन यांचा ग्रंथ आणि 'अकालेर संधाने'ला मिळालेला बर्लिनचा पुरस्कार, दोन्ही १९८१ चे. ग्रंथातल्या कोष्टकांत कोणत्या धंद्यातली माणसे किती प्रमाणात उद्ध्वस्त झाली ते सापडते : शेतमजूर, कोळी, नावाडी, कारागीर. ज्यांनी पडलेल्या भावाने जमिनी लिहून घेतल्या त्यांच्यासाठी त्या कोष्टकांत रकाना नाही. तो मृणाल सेनांच्या गावात, प्रतिष्ठितांच्या त्या चिडक्या बैठकीत भरला गेला.